सूर्यचुलीला सावली

"काकू, माझी भांडी कुठं आहेत?"

"ही काय, तुमच्या म्होरंच हायती की, मास्तर."

तुळशीकट्ट्यावर चार डबे पालथे घातले होते. लख्ख. इतके लख्ख, की एका डब्यात मला माझं तोंड दिसलं, आणि बघता बघता ते उतरलंही.

"ही माझी नाहीत. माझी काळी होती."

"व्हती," अनसाकाकू पदर खोचत म्हणाल्या. "राखेनं निघंना, मग विटकरीचा चुरा घेतला. त्यानं निघंना, मग रॉकेल लावलं. खांदं गळून पडायची येळ आली, पण सोडलं न्हाय. तुमच्या हापिसात भांडी घासाय कोन हाय वो? त्या बाईला आदी कामावरनं काढा."

मी मटकन खाली बसलो.

गाव धोंडसांगवी, महिना एप्रिलचा, आणि मी सूर्यशक्ती प्रसार कक्षाचा प्रात्यक्षिक सहायक. हंगामी. हंगामी म्हणजे ज्याला बसायला खुर्ची असते पण पाठ टेकायची परवानगी नसते. गावोगाव सूर्यचूल घेऊन जायचं, सरपंचाच्या अंगणात मांडायची, उन्हावर खिचडी शिजवून दाखवायची आणि लोकांनी "शाबास" म्हणून परत चुलीकडं वळलेलं बघायचं, हे माझं काम. पण त्या दिवशी आमचे प्रमुख बोंद्रेसाहेब स्वतः खिचडी खायला येणार होते. ज्याची खिचडी शिजेल तो कायम, ज्याची नाही तो घरी, असा त्यांचा साधा हिशेब. आधीच्या गावात आमच्या घोडकेच्या खिचडीतली डाळ कच्ची राहिली आणि साहेबांची दाढ हलली. घोडके तेव्हा मेहुण्याच्या गिरणीत दळण दळत होता. तेही हंगामी.

आणि कुंदाचे वडील मला तोंडावर म्हणाले होते, "हुपरीकर, मुलगी आम्हाला हंगामी द्यायची नाहीये. तुम्ही कायम व्हा, मग या." त्याच आठवड्यात पंढरपूरचं एक स्थळ तिला बघून गेलं होतं. मुलगा बँकेत, कायम. त्यांना होकार-नकार कळवायचा होता.

म्हणजे कुंदा आणि मी यांच्यामध्ये आता फक्त एक खिचडी उभी होती.

"काकू," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, "ती मळलेली नव्हती. मुद्दाम काळी रंगवलेली होती. काळा रंग ऊन पितो. चकचकीत भांडं ऊन परत फेकतं. तापतच नाही."

"काळं ऊन पितं?"

"हो."

काकूंनी गोठ्याकडं बघितलं. "म्हनूनच आमची म्हस दिसभर डबक्यात बसती व्हय!"

"बरोबर!" मला इतका आनंद झाला की वाटलं काकूंनाच सहायक नेमावं. "म्हशीला जे कळतं ते—"

"ते मला कळंना, आसं म्हना की."

"तसं नाही हो..."

"मास्तर, म्हशीला पाव्हनं येत न्हाईत. माज्या घरी येत्यात. सायबाम्होरं आसलं जळकं भांडं ठिवलं आसतं, तर माजी सासू वरनं खाली उतरली आसती."

वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि ऊन वर चढत होतं. मी चुलीपाशी गेलो, तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, गोडेतेलात कालवली आणि चारही डब्यांना बाहेरून फासायला बसलो. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. घरातलं माणूस शेवटचं नेताना बघावं तशा.

"नजर लागू नये म्हनून तीट लावत्यात," त्या म्हणाल्या. "एक बोट. तुमी तर समदं अंगच माखलं."

डबे झाले, त्याबरोबर मीही झालो. कोपरापर्यंत काळा. मग आम्ही डब्यांत तांदूळ, मुगाची डाळ, पाणी, हळद, मीठ घातलं आणि मी पेटी अंगणाच्या मधोमध मांडली.

ही सूर्यचूल म्हणजे एक पत्र्याची पेटी. आतून काळी. भिंतींच्या आत काचेची लोकर भरलेली, म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ नये. वर काचेचं झाकण आणि त्याच्यावर आरशाची फळी, ऊन पकडून आत ढकलायला. विज्ञान इतकंच, की ऊन काचेतून आत येतं, काळ्या पत्र्यात मुरतं, उष्णता होतं, आणि उष्णता झाल्यावर त्याला काचेतून परत जाता येत नाही. मात्र दोन पथ्यं आहेत. पेटीवर ऊन पडलं पाहिजे आणि झाकण उघडता कामा नये.

दोन्ही पथ्यं मी जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नीट ऐकू यावं म्हणून पुढं सरकले. पेटीवर सावली पडली.

"मागं व्हा! मागं व्हा!"

मागं झाले. तेवढ्यात बाबूतात्या आले. तात्या गावातले सगळ्यात वयस्कर, त्यामुळं त्यांना कुठलीही गोष्ट हात लावल्याशिवाय पटत नसे आणि त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी आल्या आल्या झाकण उघडलं.

"तात्या!"

"शिजली का बगतूय."

"आत्ताच ठेवलीय हो! झाकण उघडू नका. उष्णता बाहेर जाते."

"कुटं जाती?"

"बाहेर. हवेत. जिथं कमी आहे तिथं. उष्णतेचा स्वभावच तो, गरम जागेतून गार जागेकडं पळायचं."

तात्यांनी विचार केला. "म्हंजी आमच्या थोरल्या सुनंसारकं. जरा घर तापलं की चालली म्हायेराला."

"अगदी बरोबर. म्हणून दार लावून घ्यायचं."

"दार लावून घेतलं तरी जाती ती. तुमास्नी ठावं न्हाय."

असं म्हणून तात्यांनी झाकण लावलं, मी वळलो, आणि मागं पुन्हा कुरकुर आवाज झाला.

"आता काय?"

"जरा शेंगा टाकल्या. भाजत्यात का बगू."

मी शेंगा काढल्या. म्हणजे मलाही झाकण उघडावं लागलं. मग कुणीतरी म्हणालं की मास्तर सोता उघडतूय आन आपल्याला न्हाई म्हंतूय, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं.

एवढ्यात सरपंच उद्धवराव गपाट आले. अनसाकाकूंचे यजमान. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि मिशा मात्र मेहंदीनं तांबूस. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हुपरीकर, ह्ये काय रूप? सायेब आलं तर म्हनतील कोळशाच्या खात्यातनं आलाय का काय. जावा, हिरीवर जाऊन आंग धुवून या. मी हाय हितं. कुनाला हात लावू द्येत न्हाय."

"सरपंच, पेटी हलवायची नाही. झाकण उघडायचं नाही. आणि ऊन—"

"आवो, मी काय ल्हान हाय का? जावा."

सरपंचांनी मिशीवर हात ठेवून शब्द दिला आणि मी गेलो. तेलात कालवलेली काजळी पाण्यानं निघत नाही, हे विज्ञान मला विहिरीवर कळलं. मी वाळूनं घासलं, पाल्यानं घासलं. शेवटी माझे हात काळ्याचे राखाडी झाले तेव्हा नाद सोडला आणि परत आलो.

अंगणात मंडप होता.

साधासुधा नाही. जाड, दुहेरी कापडाचा, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, लग्नातला मंडप. तो दिवसभर सावली धरून ठेवील असा होता. चारी बाजूंनी आंब्याचे टहाळे बांधलेले. आत गारवा. आणि त्या गारव्यात, मधोमध, गालिच्यावर, माझी सूर्यचूल.

"सरपंच!!"

"कसा हाय?" उद्धवराव प्रेमानं मंडपाच्या खांबावर हात फिरवत म्हणाले. "तुमी येस्तवर हुबा क्येला. पोरं तय्यारच व्हती. तुमाला सांगितलं न्हाय, म्हनलं जरा चकित करावं."

"अहो, ही सूर्यचूल आहे! हिला सूर्य लागतो!"

"हाय की सूर्य. वर."

"पण मध्ये मंडप आहे!"

"मंडप काय सूर्याच्या वर बांदलाय का? सूर्य हाय तितंच हाय."

"अहो, ऊन पडलं पाहिजे पेटीवर! उन्हाशिवाय ती नुसती पेटी आहे!"

"हुपरीकर, जरा डोक्यानं घ्या." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साठ कोसावरनं सायेब येतूय. त्येला काय उन्हात हुबा करायचा? धोंडसांगवीत पाव्हना उन्हात हुबा ऱ्हायला, आसं तालुक्यात झालं तर पुढची निवडनूक मी लढवावी का सन्यास घ्यावा?"

"साहेबांना सावलीत बसवा! पेटी उन्हात ठेवू!"

"आन सायेब सावलीतनं काय बगनार? पेटीची पाठ? बरं दिसतं का ते?"

मी धावलो, पेटीच्या कड्या धरल्या आणि उचलायला वाकलो.

"हां! हां! हां!" आतून अनसाकाकू धावत आल्या. "हात लावू नगा!"

तेव्हा मी नीट बघितलं. आरशावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. काचेवर झेंडूचा हार, असा जाड की आतले डबे दिसत नव्हते. समोर कलश, नारळ, पाच पानं, सुपारी. उदबत्त्यांचा धूर. पेटीच्या चारी कोपऱ्यांत अक्षता.

"पूजा केलीत?"

"मग? शिजवायची नवी वस्तू दारात आली, ती अन्नपूर्णाच की. पूजा करू नगं व्हय?"

"बरं केलीत. आता मी ही फक्त तिकडं, उन्हात—"

"स्थापना झाली," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजी काय? स्थापना झाल्याव उत्तरपूजा होईस्तवर हालवत्यात का देवाला?"

"मग करा उत्तरपूजा. आत्ताच करा!"

"ती सायबाच्या हस्ते हाय," उद्धवराव म्हणाले. "त्येंचं नाव लावलंय."

मी आजूबाजूला बघितलं. कुणीतरी मला समजून घेईल असं एकही तोंड नव्हतं. बाबूतात्या मंडपात पहिल्या रांगेत बसले होते आणि टोपीनं वारा घेत होते. "सावली झ्याक झाली," ते म्हणाले. "आता अन्नपूर्णेलाबी बरं वाटंल. सकाळपासनं उन्हात हुबी व्हती बिचारी."

मी हार बाजूला सारून काचेवर हात ठेवला. सकाळी मिळालेलं थोडं ऊन, ते तात्यांनी, शेंगांनी आणि झाकणानं उधळलेलं. काच कोमट होती. ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखी. खिचडीचं काय झालं असेल ते मला काच न उघडताही कळलं. डाळ पाण्यात बसून वाट बघत असणार, बोंद्रेसाहेबांच्या उरलेल्या दाढेची.

काकू माझ्याकडं बघत होत्या. "मास्तर, तुमाला घाम सुटलाय."

"काकू, साहेबांनी कच्ची खिचडी खाल्ली की माझी नोकरी गेली. आणि नोकरी गेली की..."

"की?"

"की एक लग्न मोडलं. लागायच्या आधीच."

"कुनाचं?"

मी राखाडी हातांनी नाक पुसलं असणार, कारण काकूंनी पदराच्या टोकानं माझ्या नाकाचा शेंडा पुसला, जोरात, भांडं घासतात तसा.

"नाव काय तिचं?"

"कुंदा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढ्यात जीप आली.

बोंद्रेसाहेब खाली उतरले. ऊन वर्षभर लोकांना विकणाऱ्या या माणसाचं उन्हाशी अजिबात जमत नसे. डोक्यावर एक केस नव्हता, आणि प्रत्येक प्रात्यक्षिकाला माळावर उभं राहून राहून त्यांच्या टाळूची सालं निघत. खात्याच्या प्रमुखानं टोपी घालायची नाही, नाहीतर लोक म्हणतील ह्यालाच ऊन सोसत नाही, असा त्यांचाच नियम. त्या दिवशीही टाळू पिकल्या टोमॅटोसारखी झाली होती. मंडपात पाऊल टाकताच ते थबकले. डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला.

"हे कुणी केलं?"

उद्धवराव छाती काढून पुढं झाले. मी मागं झालो.

"हुपरीकरांच्या मार्गदर्शनाखाली," उद्धवराव म्हणाले. त्यांना वाटलं ते माझं भलंच करताहेत.

"साहेब, त्याचं असं आहे की—" मी सुरुवात केली, पण साहेब तोवर खुर्चीत बसले होते, त्यांच्या हातात ताकाचा पेला आला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की त्यात व्यत्यय आणायला राक्षस हवा.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा टाळूवर बसताना साहेब कळवळले. मग उद्धवरावांचं भाषण, गावाच्या रस्त्यावर. मग साहेबांचं भाषण, सूर्यावर. "सूर्य हा आपला सर्वांत जुना अधिकारी आहे," ते म्हणाले. "तो कधी रजेवर जात नाही." मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो आणि पंढरपूरच्या त्या बँकवाल्या मुलाचा चेहरा कसा असेल याची कल्पना करत होतो. मला तो कायम हसतानाच दिसत होता.

भाषण रंगात आलं असताना आतून अनसाकाकू बायकांचा घोळका घेऊन आल्या.

"काय आहे?" साहेबांनी थांबून विचारलं.

"अन्नपूर्णेची ओटी भरायची ऱ्हायली, सायेब," काकू म्हणाल्या. "उत्तरपूजेच्या आदी भरावी लागती. तुमचं चालू द्या."

बायकांनी पेटीभोवती कोंडाळं केलं. प्रत्येकीच्या पदराखाली सूप, ताट, खण, काय काय. पेटी दिसेनाशी झाली. मधून बांगड्यांचा आवाज, कुजबुज, एकदा "आगं आई गं, भाजलं!" असा एक दबका आवाज, आणि त्यावर "गप!" असा दुसरा. माझं तिकडं लक्षच नव्हतं. मनातल्या मनात मी कुंदाला पत्र लिहीत होतो आणि ते मला फार छान जमत होतं.

ओटी भरली. बायका आत गेल्या. साहेबांचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि ते मनगटावरची बाही सारत पेटीपाशी आले.

"चला, हुपरीकर. बघू तुमचा सूर्य काय म्हणतो ते."

साहेबांनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, पेटी तसूभर हलवून उत्तरपूजा केली, आरशाची फळी मागं केली आणि काच उचलली.

वाफ आली.

वाफ म्हणजे काय! ढगच्या ढग. साहेबांचा चष्मा पांढरा झाला, फेट्याचा शेव ओला झाला. मंडपभर खिचडीचा वास सुटला. तुपाची फोडणी, जिरं, हिंग, लसूण. मी लसूण घातलाच नव्हता.

मी आयुष्यात फक्त त्या एका क्षणी नास्तिकाचा आस्तिक झालो. वाटलं, आपण शिकलो ते सगळं चूक. ऊन लागत नसावं. कुंकू लागत असावं.

साहेबांनी चष्मा पुसला आणि आत वाकून बघितलं. मीही बघितलं.

आत पितळेची पातेली होती. दोन. चिंचेनं घासलेली, कल्हई केलेली, सोन्यासारखी लखलखीत. तव्याची काजळी फासलेले माझे चार डबे कुठंच नव्हते. पातेल्यांखाली आणि भोवती एक जुनी गोधडी नीट दुमडून बसवली होती.

माझा आस्तिकपणा तिथंच संपला आणि भीती सुरू झाली.

"हुपरीकर," साहेब म्हणाले.

"साहेब."

"भांडी काळी नाहीत."

"नाहीत, साहेब."

"नियम काय आहे?"

"काळी असावीत, साहेब."

"हं." त्यांनी ताटात खिचडी घेतली. घास बोटांत धरला, चटका बसला, फुंकर मारली, तोंडात घातला. सगळा गाव त्यांच्या जबड्याकडं बघत होता. मी दाढेकडं. जबडा हलला. दाढ जागेवरच होती. साहेबांनी डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. "मऊसूत!" दुसरा घास घेतला. मग मध्येच थांबले. नाकपुड्या फुगल्या. "पण हुपरीकर, धुराचा वास कसा काय येतोय?"

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी मंडपाच्या छताकडं. उद्धवरावांनी मिशीकडं, जमेल तेवढं.

"साहेब," मी खरं सांगायचं ठरवलं. अगदी तोंड उघडलं. "साहेब, खरं म्हणजे—"

उद्धवरावांनी माझ्या पायावर पाय दिला. त्यांच्या वहाणांना खालून नाल ठोकलेले होते.

"—आईगं! ...आग, साहेब! सूर्य म्हणजे शेवटी आगच!"

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग हळूहळू त्यांची मान हलू लागली. वरून खाली.

"खरंय," ते म्हणाले. "इतकी वर्षं या खात्यात आहे, हे माझ्या डोक्यात नाही आलं. सूर्य म्हणजे आगच. आग म्हटल्यावर धूर आला. नैसर्गिक चव!"

"सायेब, आनि उलीशी?" काकूंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाढली.

तिसऱ्या वाढपानंतर साहेब उभे राहिले. फेटा काढून हातात घेतला. टाळूवरून हळुवार हात फिरवला. गार झाली होती.

"मंडळी," ते म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही चुकत होतो. आम्ही लोकांना म्हणत होतो, उन्हात ठेवा. काळी भांडी वापरा. कुठल्या गृहिणीला काळं भांडं आवडेल? कुठला माणूस उन्हात उभं राहून स्वयंपाक करील? म्हणून तर ही चूल कुणी घेत नव्हतं! पण या तरुणानं..." त्यांनी माझा राखाडी हात उचलून धरला, "या तरुणानं सावलीत, चकचकीत भांड्यांत, काचेवर हार असताना खिचडी शिजवून दाखवली! ऊन प्रत्यक्ष पडायची गरजच नाही. आसपास असलं तरी पुरतं!"

टाळ्या. बाबूतात्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. "मी सकाळीच म्हनलं व्हतं," ते शेजाऱ्याला म्हणाले. "अन्नपूर्णेला ऊन सोसत न्हाय."

"आजपासून," साहेब म्हणाले, "जिल्ह्यातल्या प्रत्येक सूर्यचुलीवर पत्र्याची शेड बांधली जाईल. पक्की. चार खांबांची. आणि त्या कामाचे प्रमुख राहतील श्री. हुपरीकर. कायम!"

मी खाली बसलो. खुर्चीत. पाठ टेकून.

साहेबांची जीप गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. चूल अजून धगधगत होती. कोपऱ्यात माझे चार काळे डबे रांगेनं ठेवलेले, आणि दारातून म्हशीचा आनंदी आवाज येत होता. ती भिजलेली डाळ खात होती.

"काकू, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी तिथं खुर्चीव सुतकी तोंड करून बसला व्हता. सांगितलं आसतं तर खुश दिसला आसता. सायबाला लगीच कळलं आसतं कायतरी घोटाळा हाय."

"पण ही फसवणूक झाली, काकू. खिचडी सूर्यावर कुठं शिजली?"

"चुलीतलं सरपान काय चांदन्यात वाडलं व्हतं?" त्यांनी हातातला डबा माझ्याकडं न बघता घासायला घेतला. "ह्यो रंग मातर मी आता काढनार हाय. आडवू नगा."

मी अडवलं नाही.

कुंदाच्या वडिलांनी पंढरपूरला नकार कळवला. आमचं लग्न दिवाळीनंतर झालं. आणि मी निवृत्त होईपर्यंत जिल्हाभर सूर्यचुलींना सावली पुरवत हिंडलो. चार खांब, वर पत्रा, पक्कं काम. एकाही सूर्यचुलीत पुन्हा कधी काही शिजलं नाही. पण तक्रारही कधी आली नाही. मी म्हणे फार लोकप्रिय अधिकारी होतो. गावोगाव माझ्या शेडखाली म्हातारी माणसं दुपारी पडायची, पोरं अभ्यास करायची, शेळ्या रवंथ करायच्या, यस्टीची वाट बघणारे टेकायचे. पेट्या गंजल्या, कुठं कोंबड्यांच्या खुराड्याला गेल्या. शेड उभ्याच राहिल्या. कायम.

मागच्या उन्हाळ्यात कुंदा म्हणाली, ती धोंडसांगवी एकदा दाखवा तरी. गेलो. उद्धवराव आता नाहीत, बाबूतात्या तर कधीच गेले. अनसाकाकू आहेत. पाठीत वाकल्यात, पण पदर खोचलेलाच. अंगणात आमची शेड, आणि ओसरीवर, गोधडीवर, ती पेटी. आरसा पुसून लख्ख. त्यावर कुंकवाचं बोट.

"हीच का ती कुंदा?" काकूंनी विचारलं, आणि कुंदाच्या हनुवटीला हात लावून मला म्हणाल्या, "मास्तर, खिचडी वाया गेली न्हाई म्हनायची."

मग त्यांनी पेटी उघडली. आत थाळ्यात भाकरी होत्या, वर फडकं. सकाळच्या, पण हाताला ऊन लागत होत्या. शेजारी विरजण लावलेलं गाडगं.

"थंडीच्या दिसात दही ह्यात लागतं, आसं घट्ट," काकू कुंदाला सांगत होत्या. "भाकरी दुपारपातुर ऊन ऱ्हाती. डाळीचं पातेलं ठिवावं तर आपसूक मऊ व्हतं. लई गुनाची पेटी हाय, पोरी. तू बी एक घे ह्येंच्या हापिसातनं. फकस्त येक ध्यानात ठिव."

"काय, काकू?"

"उन्हात ठिवू नगंस. रंग उडतो तिचा."